पटावरून नांव कमी झाल्यावर

गेल्या महिन्यांत आमच्याकडे एका वाचक-कुटुंबाचें पत्र आलें. पत्र घरांतील वडील गृहस्थांच्या हातचें आहे. त्यांची नात इंग्लंडांतील एका विद्यापीठांत समाजकार्याच्या एम्. ए. च्या वर्गांत शिकत आहे; किंबहुना आतांपर्यंत शिकत होती असें म्हणावें लागेल. त्या शिक्षणांत व्याख्यानांच्या जोडीला प्रत्यक्ष कामाची उमेदवारी करावी लागते. तिकडे तिला ‘प्लेसमेंट’ म्हणतात. आपल्याकडील महाविद्यालयांत हा शब्द अलीकडे नोकरी मिळवून देण्याच्या अर्थानें रूढ झाला आहे. तो अर्थ येथें नव्हे. मुलीनें ७० दिवसांची पहिली उमेदवारी नीट पार पाडली. १०० दिवसांच्या दुसऱ्या उमेदवारीचे साठ-पासष्ट दिवस भरल्यावर देखरेख करणाऱ्या बाईंनीं ‘समाधानकारक नाहीं’ असा शेरा दिला, संस्थेनें काम थांबविलें, आणि परीक्षक मंडळानें पुन्हां संधि न देतां तिचें नांव पटावरून कमी केलें. कुटुंबाची ओळख पटूं नये म्हणून तपशील आम्हीं थोडा बदलला आहे; मूळ हकीकत हीच.

एकत्र कुटुंबांत अशा प्रसंगीं जितकीं माणसें तितकीं मतें निघतात. धाकट्या काकांचें म्हणणें, लंडनच्या वरिष्ठ न्यायालयांत दावा लावावा. आत्याबाईंचें म्हणणें, मुलीला आधीं घरीं आणावी, मग काय तें पाहूं. वडिलांच्या डोळ्यांपुढें बँकेचें कर्ज उभें आहे. आणि स्वतः पत्रलेखक विचारतात कीं, ‘घरांतील वडील या नात्यानें मीं तेथील कुलगुरूंस सविस्तर पत्र लिहिलें तर उपयोग होईल काय?’

या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर प्रथम देतों, कारण तें थोडक्यांत देतां येतें. उपयोग होणार नाहीं. मुलगी सज्ञान आहे. तिकडील कायद्याप्रमाणें तिच्या लेखी संमतीवांचून विद्यापीठ तिच्या आजोबांशीं काय, प्रत्यक्ष आईशींहि तिच्या प्रकरणाबद्दल बोलणार नाहीं. यांत उद्धटपणा नाहीं. विद्यार्थ्याची माहिती ही विद्यार्थ्याची, असा त्यांचा नियम आहे. अपील तिनेंच करावयाचें, तिच्याच सहीनें. आजोबांचें या प्रकरणांत काम आहे, आणि तें फार मोठें आहे. पण तें अर्जदाराचें नव्हे. तें कोणतें, हें पुढें येईल.

आधीं उमेदवारीचें महत्त्व काय तें समजून घेतलें पाहिजे, नाहींतर विद्यापीठाची बाजू आपणांस दिसणार नाहीं. इंग्लंडांत समाजकार्याच्या शिक्षणावर ‘सोशल वर्क इंग्लंड’ या नियामक संस्थेची देखरेख २०१९ च्या अखेरीपासून आहे. विद्यार्थ्यानें २०० दिवस प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा असा तिचा दंडक आहे. त्यांतील जास्तींत जास्त ३० दिवस कौशल्य-शिक्षणाचे धरतां येतात. म्हणून पुष्कळ विद्यापीठें उरलेल्या १७० दिवसांची ७० आणि १०० अशी वांटणी करतात. परिचारिकांच्या अभ्यासक्रमांत ४६०० तासांपैकीं निम्मे तास प्रत्यक्ष शुश्रूषेचे असावे लागतात. शिक्षकांच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांत किमान १२० दिवस शाळेंत जावें लागतें. या तिन्ही विद्यांत पुस्तकी भागांत पहिला नंबर आला तरी उमेदवारी फसली म्हणजे सर्व फसलें. ज्या माणसाच्या हातीं उद्यां कोणाचें तरी अनाथ मूल किंवा कोणाचा तरी रुग्ण जावयाचा, त्याचा हात पाहिल्याशिवाय त्यास सोडूं नये, हा विचार योग्यच आहे. आमची शाळा चालूं असतांना अध्यापक विद्यालयांतील मुलेंमुली आमच्या वर्गांवर सराव-पाठ घेण्यास येत, आणि त्यांच्या वहींत शेरे लिहिण्याचें काम पुष्कळ वर्षें आमच्याकडे होतें. पाठ-टिपण मोत्यासारख्या अक्षरांत, आणि वर्गांत पाऊल टाकतांच घशाला कोरड, असे उमेदवार आम्हीं किती तरी पाहिले. उलट टिपणांत चार चुका, पण फळ्यापाशीं उभा राहिला कीं पोरें मान वर करून ऐकत, असेहि पाहिले. तेव्हां पाहणाऱ्याच्या मताला किंमत आहे.

आणि हीच गोष्ट अपील करणाऱ्याच्या आड येते. ‘माझें काम चांगलें होतें, बाईंना तें कळलें नाहीं,’ असें म्हणून अपील चालत नाहीं. विद्वानांनीं विद्येविषयीं दिलेल्या मतांत बाहेरच्यांनीं हात घालूं नये, हें तत्त्व जवळजवळ सर्व देशांनीं मानलें आहे. अमेरिकेंतील मिसूरी विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेंत हॉरोविट्झ नांवाची एक विद्यार्थिनी होती. लेखी परीक्षांत ती हुषार. पण रुग्णालयांतील कामाबद्दल, रुग्णांशीं व सहकाऱ्यांशीं वागण्याबद्दल, उपस्थितीबद्दल आणि वैयक्तिक स्वच्छतेबद्दलसुद्धां अध्यापकांचे शेरे प्रतिकूल येत गेले. अखेरीस पदवीच्या तोंडाशीं, १९७३ सालीं, तिला काढून टाकण्यांत आलें. तत्पूर्वीं विद्यापीठानें एक विलक्षण गोष्ट केली होती. बाहेरच्या ७ अनुभवी वैद्यांकडे तिला कांहीं काळ पाठवून प्रत्येकाचें मत मागविलें. दोघे म्हणाले, पदवी द्या; दोघे म्हणाले, ताबडतोब काढा; तिघे म्हणाले, आणखी परीक्षणाखालीं ठेवा. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ सालीं विद्यापीठाच्या बाजूनें निकाल लागला. शिस्तीच्या अपराधाची चौकशी निराळी आणि विद्येतील उणेपणाचा निर्णय निराळा, दुसऱ्यास न्यायालयासारखी सुनावणी लागत नाहीं, असें न्यायमूर्तींनीं ठरविलें. आपल्याकडेहि महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाच्या उत्तरपत्रिका फेरतपासण्याच्या प्रकरणांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं असाच कौल दिला: शिक्षणाच्या गोष्टी शिक्षणतज्ज्ञांवर सोपवाव्या.

पण वाचकांनीं हॉरोविट्झ-निकालाचा दुसरा भाग विसरूं नये. विद्यापीठ जिंकलें तें केवळ अधिकाराच्या बळावर नव्हे. तिच्या उणिवा तिला वेळोवेळीं स्पष्ट कळविल्या होत्या, न सुधारल्यास काय होईल हेंहि सांगितलें होतें, आणि निर्णय घाईनें न घेतां विचारपूर्वक घेतला होता, हें न्यायालयानें पाहिलें. म्हणजे मत काय दिलें याला हात लागत नाहीं. तें कोणत्या रीतीनें बनलें, याला लागतो. आमच्या पत्रलेखकांच्या नातीचें सगळें प्रकरण या एका भेदावर उभें आहे.

आमच्या जुन्या शास्त्रकारांना हा भेद ठाऊक होता. याज्ञवल्क्य-स्मृतीवर विज्ञानेश्वरानें कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत मिताक्षरा लिहिली, तींत व्यवहाराचे, म्हणजे दाव्याचे, चार पाद सांगितले आहेत. पहिला भाषा, म्हणजे वादीचें म्हणणें, दुसरा उत्तर, तिसरा क्रिया, म्हणजे पुरावा, आणि चौथा सिद्धि, म्हणजे निकाल. या प्रकरणांत भाषा विद्यापीठानें आधींच लिहून ठेवली आहे: ‘ही विद्यार्थिनी उमेदवारींत अनुत्तीर्ण झाली.’ मुलीचें अपील हें उत्तर आहे. आणि उत्तराचे पुन्हां चार प्रकार. आरोप कबूल करणें हें सत्योत्तर किंवा संप्रतिपत्ति. ‘हें खोटें आहे’ म्हणणें तें मिथ्योत्तर. ‘ही गोष्ट पूर्वींच निकालांत निघाली आहे’ म्हणणें तो प्राङ्न्याय. आणि ‘तुम्ही म्हणतां तें घडलें, पण त्यास अमुक कारण आहे, म्हणून त्याचा परिणाम मला लागूं होत नाहीं’ असें म्हणणें तें प्रत्यवस्कंदन, ज्याला कारणोत्तर असेंहि नांव आहे. दुखावलेला विद्यार्थी स्वाभाविकपणें मिथ्योत्तर देतो. विद्यापीठाच्या नियमांत त्याला जागाच नसते. जागा असते ती फक्त कारणोत्तराला. मुलीनें कामांतील उणिवा होत्या कीं नव्हत्या या वादांत शिरूंच नये; शेरा आहे असें धरून चालावें, आणि तो का धरूं नये याचें कारण दाखवावें.

इंग्लंडांतील बहुतेक विद्यापीठें तीन कारणें मान्य करतात. शब्द निरनिराळे असले तरी अर्थ एकच. विद्यापीठानें स्वतःचे नियम पाळले नाहींत, हें पहिलें. विद्यार्थ्याची अशी कांहीं अडचण होती जी योग्य कारणामुळें निर्णयापूर्वीं कळवितां आली नाहीं, हें दुसरें. निर्णय देणाऱ्याच्या मनांत पक्षपात होता किंवा तसा वाजवी संशय येण्यासारखी परिस्थिति होती, हें तिसरें. या तिसऱ्याच्या नादीं पुरावा नसतां लागूं नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. ‘बाई माझ्यावर खार खाऊन होत्या’ हें सिद्ध करणें अतिशय कठीण, आणि सिद्ध न झाल्यास बाकीच्या चांगल्या मुद्द्यांनाहि कमीपणा येतो. वर्ण, धर्म किंवा भाषेवरून कांहीं बोललें गेलें असेल, त्याची तारीख आणि ऐकणारा सांगतां येत असेल, तर गोष्ट निराळी. मग तें अवश्य लिहावें.

पहिल्या कारणाकडे मात्र बारकाईनें पाहावें. प्रत्येक अभ्यासक्रमाची उमेदवारीची पुस्तिका असते. मध्यावर आढावा-बैठक कधीं घ्यावी, उणिवा लेखी केव्हां कळवाव्या, सुधारणेचा आराखडा कोणीं करावा, त्यास किती अवधि द्यावा, हें सर्व तींत छापलेलें असतें. मुलीनें ती पुस्तिका एका हातीं आणि आपलीं ई-मेलें दुसऱ्या हातीं घेऊन एकेका कलमापुढें तारीख लिहावी. जेथें तारीख भरतां येत नाहीं, तेथें अपिलाचा मुद्दा आहे. आणि असे मुद्दे बहुधा सांपडतात, याचें कारण मनुष्यस्वभावांत आहे. ग्लासगो येथील कॅथलीन डफी या विदुषीनें परिचारिकांच्या उमेदवारीचा अभ्यास करून २००३ सालीं दाखविलें कीं, देखरेख करणारीं माणसें नापास करण्यास कचरतात. प्रारंभीं लहान तक्रारी लिहीत नाहींत, आणि शेवटीं फार उशीर झालेला असतो. सराव-पाठांच्या वह्या तपासलेल्या कोणाहि शिक्षकाला हें पटेल. पहिल्या आठवड्यांत ‘पोर नवी आहे, कशाला मन मोडा’ म्हणून ‘ठीक’ लिहावयाचें आणि दोन महिन्यांनीं एकदम ‘असमाधानकारक’ लिहावयाचें, ही दया नव्हे. उमेदवाराजवळ मात्र तो ‘ठीक’ शेरा राहतो, आणि अपिलांत तोच बोलतो.

पहिल्याच कारणाच्या जवळची आणखी एक गोष्ट. विद्यार्थ्यास दीर्घ आजार, अपंगत्व किंवा मनाचा विकार असेल तर इंग्लंडांतील २०१० च्या समानता कायद्यानें विद्यापीठावर योग्य सवलती देण्याचें बंधन घातलें आहे. ब्रिस्टल विद्यापीठांतील एका विद्यार्थिनीच्या दुःखद मृत्यूनंतर झालेल्या खटल्यांत तेथील वरिष्ठ न्यायालयानें २०२४ सालीं विद्यापीठाचें अपील फेटाळलें. विद्येची कसोटी बदला असें कायदा म्हणत नाहीं. पण ती कसोटी घेण्याची पद्धति, उदाहरणार्थ तोंडी परीक्षा, हीच कसोटी आहे असें विद्यापीठास म्हणतां येत नाहीं, असा त्याचा भावार्थ आहे.

आतां दुसऱ्या कारणाकडे येतों, आणि येथें आम्हांस पत्रलेखकांशीं थोडें स्पष्ट बोललें पाहिजे. त्यांनीं राग मानूं नये. त्यांच्या सहा पानी पत्रांत चौथ्या पानावर एक ओळ आहे. ‘मध्यंतरीं मुलीची आजी निवर्तली, परंतु तिच्या कामांत व्यत्यय नको म्हणून आम्हीं तिला दिवसकार्य उरकल्यावर कळविलें, व कोणाजवळ बोलूं नकोस, धीर धर असें बजावलें.’ पुढें लगेच बँकेच्या व्याजाचा विषय निघतो. आमच्या मतें त्या सहा पानांत याहून महत्त्वाची दुसरी ओळ नाहीं. आई-बाप नोकरीवर असतांना जिनें मुलीला वाढविली, ती गेली. मुलीला तें दोन आठवड्यांनीं कळलें. आणि त्या परक्या गांवीं तिनें तें कोणालाहि सांगितलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती कामावर गेली. तारखा जुळवून पाहिल्या तर बाईंच्या ‘लक्ष नसतें, नोंदी अपुऱ्या असतात’ या तक्रारी त्याच पंधरवड्यानंतरच्या आहेत.

आपल्या घरांतून मुलांना शिकविलें जातें कीं घरची गोष्ट बाहेर सांगूं नये. त्यांत पुष्कळ शहाणपण आहे, पण सर्व ठिकाणीं नाहीं. विद्यापीठ विचारणार, ‘तेव्हांच कां सांगितलें नाहीं?’ कित्येक अपिलें या एका प्रश्नापाशीं अडतात. ‘लाज वाटली’ एवढें उत्तर पुरत नाहीं. परंतु ‘मृत्यूची वार्ता मला अमुक तारखेपर्यंत घरच्यांनींच कळविली नव्हती, आणि कळविल्यावर कोणाजवळ बोलूं नये अशी कुटुंबांतील वडिलांची आज्ञा होती’, हें निश्चित, तारखेनिशीं सांगतां येण्याजोगें कारण आहे. तें मान्य होईलच असें आम्ही म्हणत नाहीं. पण तें सांगण्यास एकच अधिकारी साक्षी आहे, तो म्हणजे स्वतः पत्रलेखक. त्यांचें काम तें हेंच. कुलगुरूंस विनंतिपत्र लिहूं नये; नातीच्या अपिलास जोडण्यासाठीं एक पानाचें निवेदन लिहून त्याखालीं सही करावी. पत्नी कोणत्या दिवशीं वारली, नातीला कोणत्या दिवशीं कळविलें, उशिरां कां कळविलें, तिला काय बजावलें, एवढेंच. मुलीच्या हुषारीविषयीं एक शब्द नको, घराण्याविषयींहि नको. नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला आपल्याकडे बहुधा मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मिळतो, तो जोडावा; आणि ज्या दिवशीं फोनवर कळविलें त्या दिवसाचे संदेश कोणाच्या तरी यंत्रांत असतीलच, ते पुसूं नयेत.

मुदतीची गोष्ट मात्र आजच्या आज पाहिली पाहिजे. अपिलास कोठें १० कामाचे दिवस असतात, कोठें २०. विद्यापीठाच्या नियमांत पाहावें, आणि निर्णयाचें पत्र ज्या दिवशीं निघालें तेथून मोजावें. १९६९ सालीं इंग्लंडांत ॲस्टन विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांचा खटला गाजला. दुय्यम विषयांत नापास झाल्यावर त्यांस काढून टाकलें होतें. निर्णय घेतांना परीक्षकांनीं त्यांच्या खाजगी अडचणींचाहि विचार केला, पण त्यांचें म्हणणें कांहीं विचारलें नाहीं. न्यायालय म्हणालें, हें न्यायाला सोडून झालें, त्यांचें म्हणणें ऐकावयास पाहिजे होतें. आणि तरीहि त्यांना कांहीं मिळालें नाहीं, कारण ते न्यायालयांत फार उशिरां आले होते. बाजू खरी, आणि हात रिकामे. पुरावा हातीं यावयाचा असेल तर ‘अमुक कागद मागाहून पाठवितों’ असें लिहून अपील मुदतींत दाखल करावें. पुराव्याची वाट पाहत मुदत घालवूं नये.

पुरावा मागण्याचाहि तिकडे एक चांगला मार्ग आहे. आपल्याविषयीं विद्यापीठाजवळ असलेले कागद, टिपणें, ई-मेलें यांची प्रत मागण्याचा हक्क प्रत्येकास कायद्यानें आहे. त्यास शुल्क नाहीं, आणि सामान्यतः एक महिन्यांत तें द्यावें लागतें. देखरेखीच्या बाईंनीं विद्यापीठास पहिली तक्रार कोणत्या दिवशीं कळविली, हें त्यांतून कळतें. ती तारीख आणि मुलीला कळविल्याची तारीख यांत महिन्याचें अंतर निघालें, तर दुसरा युक्तिवाद फारसा लागत नाहीं.

अर्ज कसा लिहावा याविषयीं शास्त्रकारांचा इशारा आजहि लागूं आहे: जें उत्तर संदिग्ध, जें प्रकृत विषय सोडून, जें फार थोडें आणि जें फार लांबलेलें, तें उत्तरच नव्हे. मुलीनें केलेला कच्चा खर्डा पत्रासोबत आला आहे. त्याची सुरवात अशी: ‘मीं जिवापाड मेहनत केली असून माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. माझ्या वडिलांनीं कर्ज काढलें आहे. कृपा करून सहानुभूतीनें विचार व्हावा.’ हें वाचून आमचें मन कळवळलें, पण समितीच्या हातीं यांत धरण्यासारखें कांहीं लागत नाहीं. त्याऐवजीं असें लिहितां येईल: ‘पुस्तिकेप्रमाणें मध्यावरील आढावा-बैठक ५० व्या दिवसापर्यंत व्हावयाची होती, ती झाली नाहीं. माझ्या कामांतील उणिवा मला लेखी प्रथम अमुक तारखेस कळल्या. त्यानंतर ८ दिवसांत काम थांबविण्यांत आलें; सुधारणेचा आराखडा देण्यांत आला नाहीं. सोबत ई-मेल क्रमांक ३ व ४ जोडले आहेत. मला नव्या ठिकाणीं उमेदवारी पुन्हां करण्याची संधि मिळावी, ही माझी मागणी आहे.’ दोन पानांत सर्व मावतें. मागणी शेवटीं स्पष्ट पाहिजे, आणि ती संधीची पाहिजे; ‘मला उत्तीर्ण करा’ ही मागणी कोणतीच समिति मान्य करणार नाहीं, आणि करूंहि नये. विद्यार्थि-संघाचें सल्ला-केंद्र बहुतेक विद्यापीठांत असतें, तें विद्यापीठाच्या कारभाराहून स्वतंत्र असतें, आणि पैसे घेत नाहीं. काकांनीं सुचविलेल्या वकिलाआधीं मुलीनें तेथें जावें.

आत्याबाईंच्या सूचनेविषयीं. शिक्षण सुटलें कीं विद्यापीठास १० कामाच्या दिवसांत सरकारच्या गृह-खात्यास तसें कळवावें लागतें, आणि मग विद्यार्थ्याच्या व्हिसाची मुदत आंखडते, बहुधा ६० दिवसांवर येते. अपील चालूं असतां विद्यापीठ हें कळविणें थांबविणार आहे काय, हें मुलीनें लेखी विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत देश सोडूं नये. व्हिसा मोडल्यावर परत जाण्यास पुन्हां पहिल्यापासून सर्व करावें लागेल. आजीच्या वर्षश्राद्धासाठीं यावें असें तिला वाटत असल्याचें पत्रांत आहे. त्याचाहि निर्णय विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागारास विचारूनच करावा. तोंपर्यंत मुलीशीं आईनें रोज बोलावें. ती एकटी राहते, आणि आपण नापास झाल्यामुळें घर कर्जांत बुडालें असें तिच्या मनानें घेतलें आहे, हें तिच्या खर्ड्यावरूनच दिसतें.

विद्यापीठानें अपील फेटाळलें तर काय? इंग्लंड व वेल्समध्यें त्यावर एक बाहेरची पायरी आहे. पूर्वीं जुन्या विद्यापीठांना ‘व्हिजिटर’ नांवाचा एक वडीलधारी अधिकारी असे, कित्येक ठिकाणीं तो प्रत्यक्ष राजाच. विद्यार्थ्यांच्या तक्रारींवर त्याचा शब्द अखेरचा. २००४ च्या उच्च शिक्षण कायद्यानें तें बंद करून विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठीं स्वतंत्र निवाडा-कार्यालय नेमलें. तें रेडिंग येथें आहे. विद्यार्थ्याकडून शुल्क घेत नाहीं. विद्यापीठांतील सर्व पायऱ्या संपल्याचें पत्र मिळाल्यापासून १२ महिन्यांत त्याकडे जातां येतें. म्हणून तें पत्र मागून घ्यावें. विद्यापीठानें आपल्याकडील सर्व प्रक्रिया साधारण ९० दिवसांत आटपावी अशीहि या कार्यालयाची अपेक्षा असते. विद्येच्या मतांत तेंहि शिरत नाहीं. नियम पाळले कीं नाहीं, वागणूक वाजवी होती कीं नाहीं, एवढेंच पाहतें, आणि चूक आढळल्यास फेरविचार करा, भरपाई द्या, अशा शिफारशी करतें. स्कॉटलंडची व्यवस्था निराळी आहे. तेथें सार्वजनिक सेवांच्या लोकपालाकडे जावें लागतें. काकांचें न्यायालय या सर्वांनंतर, आणि बहुधा त्याची गरज पडूं नये.

न सुनावतां शिक्षा नको, हें तत्त्व त्या देशांत विद्यापीठांच्याच प्रकरणांतून पुष्कळ वाढलें आहे. १७१८ सालीं केंब्रिज विद्यापीठानें रिचर्ड बेंटले या ग्रीक-लॅटिनच्या महापंडिताच्या पदव्या, त्याचें म्हणणें न ऐकतां, काढून घेतल्या होत्या. किंग्ज बेंच न्यायालयानें त्या परत देवविल्या, आणि एका न्यायमूर्तींनीं तेव्हां म्हटलें कीं, देवानें सुद्धां आदमला बागेंतून घालविण्यापूर्वीं बोलावून विचारलें होतें. बेंटले मोठा भांडकुदळ गृहस्थ होता असें सांगतात; तरी न्याय त्यालाहि मिळाला.

आपल्या देशांत ज्यांचीं मुलेंमुली शिकत आहेत त्यांच्यासाठीं थोडें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणें विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठीं निवारण समिति असावी लागते. तिनें शक्य तों १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यावा, आणि तो न पटल्यास विद्यार्थ्यानें १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करावें, अशी योजना आहे. उत्तरपत्रिका पुन्हां तपासा, गुण वाढवा, असल्या अर्जास लोकपाल हात लावीत नाहीं. विशिष्ट अनियमितपणा किंवा भेदभाव दाखविला तरच लावतो. बी. एड्. च्या दोन वर्षांतील शाळेंतल्या उमेदवारीबद्दल कांहीं वाचकांनीं पूर्वीं विचारलें होतें. त्यांनींहि प्रथम आपल्या महाविद्यालयाच्या या समितीकडेच, लेखी आणि पोंच घेऊन, जावें.